एसएचएच जनुक: सहावं बोट, एकच डोळा आणि कमाटी बागेतला देवमासा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बडोद्यात मी कॉलेजच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. भ्रूणविकासाचं प्रकरण सुरू झालं की मुलं सूत्रं आणि आकृत्या विचारतात, आणि घरी गेल्यावर त्यांच्या आया-आज्या खरे प्रश्न विचारतात: आमच्या आत्याला सहा बोटं होती, मग नातवाला येतील का? ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं का? हे सगळे प्रश्न फिरून एकाच जनुकाशी येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. समोर बाळ असेल तर निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

एसएचएच म्हणजे नेमकं काय?

माणसाच्या सातव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर, अगदी टोकाजवळ असलेलं एक जनुक. पूर्ण नाव सॉनिक हेजहॉग. त्यावरून 462 अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं. हे प्रथिन अन्न पचवत नाही, हाड बांधत नाही, प्राणवायू वाहून नेत नाही. ते एका पेशीतून बाहेर पडतं आणि आसपासच्या पेशींना निरोप देतं: तुम्ही कुठे आहात आणि पुढे काय व्हायचं आहे. गर्भात हात, मेंदू, चेहरा, पाठीचा कणा, फुप्फुसं, आतडी, दात, केस हे सगळं घडताना कुठे ना कुठे हा निरोप लागतोच.

नाव व्हिडिओ गेमचं आहे, हे खरं का?

खरं आहे. 1980 मध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या अळ्यांवरचं आपलं मोठं काम प्रसिद्ध केलं. एका जनुकात बिघाड असलेल्या अळ्या आखूड राहत आणि अंगभर बारीक काटे घेऊन येत, म्हणून त्या जनुकाला हेजहॉग म्हटलं गेलं. हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे. गुजराती शेजारी ज्याला शेळो म्हणतात तो छोटा काटेरी प्राणी. या कामासाठी दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासोबत 1995 चं नोबेल मिळालं.

पुढे 1993 मध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत त्याच घराण्यातली जनुकं सापडली. दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं मिळाली, डेझर्ट आणि इंडियन. तिसऱ्याला रॉबर्ट रिडल या संशोधकाने सेगा कंपनीच्या गेममधल्या निळ्या सॉनिकचं नाव दिलं. प्रयोगशाळेत हशा पिकला असेल. पण गंभीर आजार असलेल्या बाळाच्या आईवडिलांसमोर हे नाव उच्चारणं डॉक्टरांना जड जातं, म्हणून दवाखान्यात तुम्हाला बहुधा ‘एसएचएच’ एवढंच ऐकू येईल. मीही तेच वापरते.

एकच प्रथिन मेंदू आणि बोटं दोन्ही कसं घडवतं?

ते स्वतः काहीच घडवत नाही, ही पहिली गोष्ट. निरोप तोच असतो. तो कोणाला, किती आणि किती वेळ मिळाला यावर परिणाम ठरतो.

नवरात्रात गरब्याच्या मैदानाजवळ राहणाऱ्यांना कर्ण्यापुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, दोन गल्ल्या मागे गाणं कळतं, आणि सूरसागरच्या पलीकडे नुसता ठेका पोहोचतो. आवाज किती येतो त्यावरून मैदान किती लांब ते डोळे मिटून सांगता येतं. गर्भातल्या पेशी हेच करतात. पाठीच्या कण्याच्या जागी आधी नोटोकॉर्ड नावाची दांडी असते, ती एसएचएच सोडते. तिच्या वर चेतानलिका असते, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतात. तिच्यातल्या ज्या पेशींना भरपूर मिळतं त्या तळाची पट्टी होतात, थोड्या वरच्या पेशी स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी होतात, त्याहून वरच्या आणखी वेगळ्या प्रकारच्या.

मुलं विचारतात, ते इतकं मोजून-मापून पसरतं कसं? यात एक गंमत आहे. हे प्रथिन तयार झाल्यावर स्वतःच स्वतःला कापतं, आणि पुढच्या अर्ध्या तुकड्याच्या शेपटाला कोलेस्टेरॉलचा रेणू चिकटवून घेतं. दुसऱ्या टोकाला एक मेदाम्ल लागतं. असा दोन्हीकडून तेलकट झालेला तुकडा पेशीच्या आवरणाला धरून राहतो, मोकाट वाहत सुटत नाही. कोलेस्टेरॉलचं नाव काढलं की रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांची रागावणी आठवते, पण ते नसतं तर आपला चेहराच जमला नसता.

आणि निरोप मिळाल्यावर पेशीत काय होतं?

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी थोडक्यात: पेशीवर पॅच्ड नावाचं प्रथिन असतं, ते स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवतं. एसएचएच येऊन पॅच्डला चिकटलं की हा दाब सुटतो. मग ग्ली घराण्यातली प्रथिनं केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. निरोप नसेल तर ग्ली-3 कापलं जातं आणि उलटं काम करतं, जनुकं बंद ठेवतं. हे बरंचसं पेशीवरच्या केसासारख्या एका बारीक तंतूत, प्राथमिक सिलियममध्ये घडतं. बाकीच्यांनी इतकंच लक्षात ठेवावं: या मार्गात एसएचएच सोडून आणखी बरीच नावं आहेत आणि बिघाड कुठेही होऊ शकतो.

बोटं पाचच का येतात?

गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या शेवटाकडे हाताचा कोंब दिसू लागतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटं सुटी झालेली असतात. एवढ्यात आईला आपण गर्भवती आहोत हे जेमतेम कळून पचलेलं असतं. त्या कोंबाच्या करंगळीकडच्या कडेला पेशींचा एक छोटा पुंजका एसएचएच सोडत असतो. 1968 मध्ये सॉन्डर्स आणि गॅसलिंग यांनी कोंबडीच्या गर्भातला हाच पुंजका काढून पंखाच्या विरुद्ध कडेला लावला, तर आरशात पाहिल्यासारखी उलटसुलट दुप्पट बोटं आली. त्यामागचा रेणू हाच, हे 1993 मध्ये कळलं.

अंगठा मात्र या निरोपावर फारसा अवलंबून नाही. एसएचएच अजिबात नसलेल्या उंदरांत मागच्या पायाला एकच बोट येतं, बाकीची येतच नाहीत.

आमच्या बाळाला अंगठ्याजवळ जास्तीचं बोट आहे. म्हणजे त्याचं एसएचएच जनुक बिघडलेलं आहे का?

बहुधा नाही, आणि या पानावरची मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे.

जनुक म्हटलं की आपण प्रथिनाच्या पाककृतीचा विचार करतो. पाककृती बरोबर असली तरी ते कधी आणि कुठे करायचं हे डीएनएच्या दुसऱ्याच तुकड्यांवर लिहिलेलं असतं. हातापायांत एसएचएच चालू करणारा नियंत्रक तुकडा जनुकापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब आहे, आणि तोही एलएमबीआर-1 नावाच्या भलत्याच जनुकाच्या पोटात. या नियंत्रक तुकड्याचं नाव झेडआरएस. 2003 मध्ये तो ओळखला गेला. यातलं एखादं अक्षर बदललं तरी एसएचएच करंगळीकडच्या कडेबरोबर अंगठ्याकडच्या कडेलाही थोडं चालू होतं. मग तिथे आणखी एक बोट येतं, किंवा अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरं येतात. प्रथिन शंभर टक्के बरोबर, फक्त चुकीच्या कडेला. म्हणूनच अशा माणसांचा मेंदू, चेहरा, दात सगळं व्यवस्थित असतं. तो नियंत्रक तुकडा हातापायांपुरताच आहे. अमेरिकेत की वेस्ट बेटावर जास्तीच्या बोटांची मांजरं प्रसिद्ध आहेत, त्यांच्यातही याच तुकड्यात बदल सापडला.

अशा कुटुंबांत हा गुण वरून खाली उतरतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. ‘पहिल्याला आलं, आता दुसऱ्याला येणार नाही’ असा हिशोब इथे चालत नाही.

जास्तीच्या अंगठ्याची शस्त्रक्रिया साधारण बाळ वर्षाचं होण्याच्या आसपास करतात. दोन अंगठ्यांपैकी कुठला ठेवायचा, हाड आणि स्नायू कसे जोडायचे, हे हाताच्या सर्जनचं काम आहे. घाईही नको आणि शाळेत जाईपर्यंत थांबणंही नको.

जास्तीचं बोट करंगळीच्या बाजूला असेल तर?

गोष्ट थोडी वेगळी. ही बाजू जगात जास्त आढळते, आणि पुष्कळदा ते नुसतं कातडीच्या देठावर लोंबणारं मांस असतं. दोरा बांधून ते गाळण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. कृपा करून घरी करू नका. आत रक्तवाहिनी असते, कधी हाडही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग दोन्ही होऊ शकतात.

दुसरं म्हणजे बाळाची एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. बहुतेकदा बोट सोडून काहीच निघत नाही. पण ग्ली-3 मधले बिघाड, तसंच सिलियमशी संबंधित काही आजार याच खुणेने सुरू होतात. बार्डेट-बीडल नावाच्या आजारात पुढे वजन, मूत्रपिंडं आणि दृष्टी यांवर परिणाम होतो. एलिस-व्हॅन क्रेव्हेल्डमध्ये उंची आणि हृदय. असं बाळ लवकर ओळखलं गेलं तर फायदा बाळाचाच.

मामाच्या मुलीशी लग्न झालंय, त्यामुळे झालं का?

अंगठ्याकडच्या घराणेदार बोटासाठी नात्यातल्या लग्नाची गरजच नसते; एका बाजूने आलेली एकच प्रत पुरते. मात्र वर सांगितलेले बार्डेट-बीडल आणि एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड हे दोन्हींकडून बिघडलेली प्रत आली तरच होतात, आणि तिथे मामे-आते लग्नाने शक्यता नक्की वाढते. लग्न झालेलं असेल तर सासू-सुनेने एकमेकींना बोल लावण्यापेक्षा डॉक्टरांना नातं स्पष्ट सांगा. हे लपवलं की तपासणीच चुकीच्या दिशेने जाते.

ग्रहणात आईने काही चिरलं, शिवलं तर बोटं जास्त येतात किंवा ओठ फाटतो, असं म्हणतात.

म्हणतात, आणि रावपुऱ्यातल्या शिकलेल्या घरांतही म्हणतात. बोटं किती हे आठव्या आठवड्याच्या आतच ठरून जातं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात लागलेल्या ग्रहणावर खापर फोडणाऱ्यांची संख्या मी पाहिली आहे. ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं, पण बाळ झाल्यावर आईला ‘तू बसली नाहीस ना’ असं कोणी ऐकवू नये. सहावं बोट भाग्याचं, असंही काही घरांत मानतात. त्याला माझा विरोध नाही. निदान बाळाचे लाड होतात.

देवमाशाचा काय संबंध?

सयाजीबागेतल्या, म्हणजे आपल्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. बडोद्याचं प्रत्येक मूल तिथे एकदा तरी तोंड वासून उभं राहिलेलं असतं. पुढच्या वेळी पुढचे वल्ह्यासारखे पर नीट पाहा: आत खांदा, दंड, मनगट, बोटं, सगळी आपलीच हाडं. मागचे पाय मात्र नाहीत. देवमाशांच्या पूर्वजांना चार पाय होते. आज त्यांच्या मांसात कंबरेची लहानशी हाडं तेवढी उरतात, कण्याशी न जोडलेली.

देवमाशाचे चुलत नातलग असलेल्या डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे कोंब येतात आणि मग विरून जातात. 2006 मध्ये ठिपकेवाल्या डॉल्फिनच्या गर्भांवरच्या अभ्यासात दिसलं की त्या मागच्या कोंबांत एसएचएच चालूच होत नाही. पुढच्या कोंबात होतं, म्हणून पर पूर्ण वाढतात.

सापांची गोष्ट तर याहून भारी आहे. त्यांच्या झेडआरएस तुकड्यातली काही अक्षरं काळाच्या ओघात गळून पडली आहेत. 2016 मध्ये संशोधकांनी उंदराचा तुकडा काढून जागी सापाचा बसवला, तेव्हा उंदरांना पायांच्या जागी खुंट आले. गळालेली 17 अक्षरं परत घातल्यावर पाय पुन्हा नीट वाढले. म्हणजे कोणाला जास्तीचं बोट आणि कोणाला पायच नाहीत, यामागे डीएनएचा तोच एक तुकडा. मी वर्गात हे सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मोबाइल खाली ठेवतात.

एक डोळा असलेलं बाळ जन्मलं, अशा बातम्या येतात. खऱ्या असतात?

काही खऱ्या असतात. त्यांचे फोटो फॉरवर्ड करू नका, एवढं आधी सांगते. त्या घरात त्या वेळी काय चाललं असेल याचा विचार करा.

गर्भात डोळ्यांचं क्षेत्र सुरुवातीला मधोमध एकच असतं. त्याखालच्या पेशींकडून एसएचएचचा निरोप आला की मधला भाग दबतो आणि दोन बाजूंना दोन डोळे होतात. पुढचा मेंदूही तसाच डावा-उजवा दुभागतो. निरोप फार कमी पडला तर हे विभाजन अर्धवट राहतं. या दोषाचं नाव होलोप्रोसेन्सेफली. अगदी टोकाच्या रूपात एकच डोळा राहतो आणि नाक असलं तर डोळ्याच्या वर सोंडेसारखं असतं. दोन डोळे चिकटून एक झाला, असं नसतं; एकाचे दोन झालेच नाहीत. असं बाळ जगत नाही. ना अवतार, ना शाप.

गर्भधारणांत हा दोष सुमारे 250 मध्ये एक इतका आढळतो, पण बहुतेक गर्भ आधीच पडतात; जन्मलेल्या बाळांत प्रमाण सुमारे 10,000 मध्ये एक इतकं उतरतं. कारणं अनेक आहेत. तेराव्या गुणसूत्राची जास्तीची प्रत हे एक मोठं कारण. एसएचएच हे या दोषाशी जोडलं गेलेलं पहिलं माणसाचं जनुक, 1996 मध्ये. त्याच वर्षी ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही एकच डोळा दिसला.

सौम्य रूपं पुष्कळ आहेत आणि ती नजरेतून निसटतात. डोळे जरा जवळ, फाटलेला ओठ किंवा टाळू, वरच्या दोन पटाशीच्या दातांऐवजी बरोबर मध्ये एकच दात. एकाच घरात तोच बदल असलेल्या आईला फक्त तो एक दात असतो, आणि बाळाला गंभीर दोष. म्हणून अशा बाळाच्या बाबतीत अनुवंशतज्ज्ञ आईवडिलांना ‘तोंड उघडा’ म्हणाले तर चमकू नका.

गरोदरपणात काय खाल्ल्याने असं होतं?

मेंढ्यांत तरी खाण्यानेच झालं. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये एकाक्ष कोकरं जन्मू लागली. शोधाअंती कारण निघालं रानात उगवणारं कॉर्न लिली नावाचं झाड. गाभण मेंढीने साधारण चौदाव्या दिवशी ते खाल्लं की कोकराला फटका बसे. त्यातल्या रसायनाला सायक्लोपामिन म्हणतात आणि ते स्मूदन्डलाच अडवतं. हे झाड आपल्याकडच्या भाजीत नसतं.

माणसांत मान्य झालेला धोका म्हणजे गरोदरपणाआधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह. गुजरातेत राहणाऱ्या, चहात दोन चमचे साखर घालणाऱ्या आम्हा लोकांनी हे मनावर घ्यावं. साखर मूल राहण्याआधी ताब्यात हवी, कारण मेंदू दुभागतो तो काळ पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत निघून चाललेला असतो. दारू टाळावी हे वेगळं सांगायला नको.

फॉलिक ॲसिडने हे टळतं का?

फॉलिक ॲसिड चेतानलिका बंद न होण्याचे दोष कमी करतं, म्हणून ते मूल राहण्याआधीपासून घ्यायचंच. होलोप्रोसेन्सेफली हा वेगळा दोष. गोळी घेऊनही तो झाला तर गोळी ‘लागू पडली नाही’ असं समजू नका.

मोठेपणी या जनुकाचं काम संपतं का?

बरंचसं शांत होतं, पूर्ण नाही. केसांच्या वाढीच्या चक्रात, काही ऊतींच्या देखभालीत ते लागतं. धोका उलटा आहे, मार्ग नको तिथे चालू राहण्याचा. त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा हा कर्करोग बहुतेकदा पॅच्डमधल्या बिघाडाने होतो. दाब ठेवणाराच गेला, मग स्मूदन्ड निरोप नसतानाही ओरडत राहतं. लहान मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाचाही एक गट याच मार्गाचा.

आयडाहोच्या कोकरांचं रसायन इथे कामी आलं. स्मूदन्डला अडवणारी औषधं बनली. विस्मोडेगिबला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली, सोनिडेगिबला 2015 मध्ये. पसरलेल्या त्वचेच्या कर्करोगात ती उपयोगी पडतात. पेटके येतात, केस गळतात, तोंडाची चव जाते. आणि गर्भवतीने ती घ्यायची नाहीत, याचं कारण वरचं वाचलेल्याला सांगावं लागणार नाही.

इंडियन हेजहॉग जनुक भारतीयांत जास्त असतं का?

नाही हो. ते प्रत्येक माणसात असतं, नाव फक्त भारतात आढळणाऱ्या हेजहॉगच्या जातीवरून आहे. ते हाडांच्या लांबीचं काम पाहतं. त्यातल्या एका प्रकारच्या बिघाडाने बोटांची मधली पेरं आखूड राहतात किंवा नसतातच.

सोनोग्राफीत काय दिसतं? रक्ताची तपासणी करावी का?

होलोप्रोसेन्सेफलीची गंभीर रूपं 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीतही दिसू शकतात. सविस्तर तपासणी 18 ते 20 आठवड्यांच्या आसपास होते. ती चुकवू नका. बोटं मोजता येतात, पण बाळाने मूठ आवळलेली असली तर सहावं सुटतं, त्यात सोनोग्राफी करणाऱ्याचा दोष नाही. मुलगा की मुलगी हे विचारू नका, 1994 च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. गंभीर दोष उशिरा दिसला तर गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपलीकडेही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं.

जनुकीय तपासणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ‘एसएचएच नॉर्मल’ असा रिपोर्ट आला म्हणजे सहाव्या बोटाचं कारण तिथे नाही, असं ठरत नाही. प्रथिनाची पाककृती तेवढीच वाचणाऱ्या तपासणीत झेडआरएस सुटतं, कारण ते दहा लाख अक्षरं लांब दुसऱ्याच जनुकात बसलंय. पैसे भरण्याआधी ‘यात झेडआरएस आहे का’ हे विचारा. आणि साधं एकटं बोट असेल, घरात आधीही असेल, तर तपासणी न करण्यातही काही चूक नाही.

शस्त्रक्रियेने बोट काढलं, आता पुढच्या पिढीत येणार नाही ना?

शस्त्रक्रिया हाताची होते, डीएनएची नाही. शक्यता निम्मीच राहते. उलट एक अडचण उभी राहते: लहानपणी बोट काढलेल्या माणसाला स्वतःलाच ते माहीत नसतं, आणि नातवंडाच्या वेळी ‘आमच्याकडे कोणालाच नव्हतं’ असं सगळे ठासून सांगतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आजीला विचारा, बारशाचे जुने फोटो काढा, हाताच्या कडेला पुसटसा व्रण असलेला एखादा काका शोधा. ती माहिती पुष्कळदा महागड्या तपासणीआधीच उत्तर देऊन टाकते.